डबा खरा, पण कुठल्या सालचा?

शेजारच्या काकांनी गणपतीला मुंबईहून येताना नातवासाठी आगगाडीचा संच आणला. खोक्यावरचं चित्र झकास होतं. माडांची रांग, खाली खाडी, वर उंच पूल, पुलावरून धुराचे लोट सोडत निघालेलं वाफेचं इंजिन आणि मागे चार निळे डबे. काका कौतुकाने म्हणाले, "बघ मरे, आपली कोकण रेल्वे!"

नातू जमिनीवर आडवा पडून चाकं फिरताना बघण्यात रंगला होता, म्हणून मी गप्प बसलो. नाहीतर सांगितलं असतं की या चित्रातल्या दोन गोष्टींची आयुष्यात कधी गाठच पडली नाही. भारतात ब्रॉडगेजवरच्या वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा डिसेंबर १९९५मध्ये संपली. रोहा ते मंगळुरू हा ७४१ किलोमीटरचा मार्ग सलग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ला. दोन वर्षांनी चुकामूक झाली. झाली ते एका अर्थी बरंच झालं, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात कोळशाचा धूर कोंडला असता तर पलीकडे बाहेर पडेपर्यंत सगळे प्रवासी चुलीपुढच्या आजीसारखे डोळे पुसत बसले असते.

सावंतवाडीत घराच्या मागच्या पडवीत बसून मी रेल्वेच्या डब्यांची छोटी मॉडेलं करतो, जमतील तशी जमवतोही. बघायला आलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "हुबेहूब आहे ना?" त्यावर मी उलट विचारतो, "कधीच्या डब्यासारखा?" लोकांना वाटतं मी शिष्टपणा करतोय. पण या छंदात ज्याला ऐतिहासिक अचूकपणा म्हणतात तो सगळा या 'कधीच्या'मध्येच आहे. खरा डबा पंचवीस-तीस वर्षं जगतो. तेवढ्यात त्याचा रंग बदलतो, ब्रेक बदलतात, नंबर बदलतो, खाली नव्या टाक्या लागतात, कधी गाडीचं नावच बदलतं. मॉडेल मात्र एकाच दिवशी थांबलेलं असतं. तो दिवस कुठला हे आधी ठरवलं नाही, तर सगळे तपशील सुटे सुटे खरे असूनही डबा खोटा होतो.

पण सालाच्या आधी मापाचं बोलू. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ तिथेच होतो.

जगात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ, १:८७. खऱ्या गाडीचे ८७ मिलिमीटर म्हणजे मॉडेलमधला १. या मापात कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल साधारण ७४ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढा. सगळी कोकण रेल्वेच करायची म्हटली तर साडेआठ किलोमीटर रूळ लागतील. तेव्हा कोणी मापात लहान-मोठं केलं म्हणून नाक मुरडण्याआधी जरा हिशोब करून बघावा.

स्केल म्हणजे प्रमाण आणि गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. दुकानात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्यांचं भांडण आहे. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवरून काढलेला आहे. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं, बरोब्बर साडेपाच फूट. त्याला ८७ने भागलं तर १९.३ मिलिमीटर यायला हवेत.

हे असं समजून घ्या. साडेपाच फुटी माणूस आपल्या खऱ्या रुळांच्या मध्ये आडवा झाला (कोणी होऊ नये) तर डोकं एका रुळाला आणि पाय दुसऱ्याला टेकतील, इतका नेमका बसतो. तोच माणूस १:८७मध्ये छोटा करून मॉडेलच्या रुळांत झोपवला तर मावणार नाही, त्याला गुडघे मुडपावे लागतील. जवळपास तीन मिलिमीटर रूळ अरुंद. डब्याची रुंदी मात्र बरोबर, ३७ मिलिमीटर. त्यामुळे समोरून बघितलं की चाकं डब्याच्या पोटात ओढून घेतल्यासारखी दिसतात. भारतीय गाड्यांचं मॉडेल 'काहीतरी वेगळं' वाटतं पण काय ते कळत नाही, त्याचं निम्मं कारण हे आहे.

ही अडचण फक्त आपली नाही. ब्रिटिशांनी तर ती स्वतःहून ओढवून घेतली. त्यांची खरी इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान, १:८७मध्ये केली तर त्या काळच्या मोटरी आत बसत ना. मग त्यांनी वरचं धड १:७६ केलं आणि खाली रूळ तोच १६.५चा ठेवला. त्याला ओओ म्हणतात. खरं तर तिथे रूळ १८.८३ मिलिमीटरचा हवा. काही हट्टी मंडळी तेवढ्या मापाचे रूळ हाताने बनवून घालतात, पण बाजार अजून १६.५वरच चालतो. हट्टी मंडळींबद्दल मला आदर आहे. मी स्वतः १६.५वर चालवतो आणि विचारणाऱ्याला तसं सांगून टाकतो.

आता लांबी. भारतातले प्रवासी डबे ढोबळमानाने दोन घराण्यांचे. जुनं घराणं आयसीएफ, म्हणजे चेन्नईजवळच्या पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी. २ ऑक्टोबर १९५५ला तिचं उद्घाटन झालं आणि डब्याचं डिझाइन स्वित्झर्लंडमधल्या श्लीरेनच्या कंपनीकडून आलं. दुसरं घराणं एलएचबी, लिंक हॉफमन बुश या जर्मन कंपनीच्या नावावरून. त्यांचे पहिले डबे २०००च्या आसपास जर्मनीहून आणले आणि मग पंजाबात कपूरथळ्याला बनू लागले. आयसीएफ पद्धतीचा शेवटचा डबा पेरांबूरहून २०१८मध्ये बाहेर पडला.

आयसीएफच्या डब्याची लांबी २१.३४ मीटर, एलएचबीची २३.५४. मॉडेलमध्ये २४५ आणि २७१ मिलिमीटर, म्हणजे फरक इंचभराचा. बाजारातले बरेच भारतीय डबे याच इंचात फसतात. कंपनीकडे साचा एकच असतो. त्याला निळा रंग दिला की आयसीएफ, लाल-करडा दिला की एलएचबी. लहान मुलाच्या खेळण्यात चालतं. पण 'कलेक्टर्स एडिशन' म्हणून चौपट किंमत लावली असेल तर फूटपट्टी घेऊनच दुकानात जावं. मी जातो. दुकानदार आता ओळखतात.

लांबीपेक्षाही फसवा भाग खाली आहे. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतात, "आमची बोगी पुढे लागली" वगैरे. खरी बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी, प्रत्येक डब्याला दोन. या दोन बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर आयसीएफमध्ये १४.७८ मीटर आणि एलएचबीत १४.९० मीटर आहे. पुन्हा वाचा: डबा सव्वादोन मीटरने वाढला, पण बोग्यांमधलं अंतर वाढलं जेमतेम बारा सेंटिमीटर. मग उरलेली वाढ गेली कुठे? दोन्ही टोकांना. बोगीच्या पुढे लोंबणारा भाग एलएचबीत प्रत्येक बाजूला मीटरभर जास्त आहे. शिवाय एलएचबीची बोगी आखूड: तिच्या दोन आसांमधलं अंतर २.५६ मीटर, आयसीएफचं २.९० मीटर. कुडाळच्या किंवा कणकवलीच्या फलाटावर उभं राहून येणाऱ्या गाडीचं पहिलं चाक दारापासून किती लांब आहे ते बघा. एकदा नजर बसली की दोन घराणी रंग न बघताही ओळखता येतात. आयसीएफच्या टोकाला दोन बाजूंना दोन गोल बफर, म्हणजे धक्का झेलणारे दट्टे असतात, एलएचबीच्या नेहमीच्या डब्याला नसतात, हीसुद्धा सोपी खूण.

या लोंबत्या टोकांचा त्रास मॉडेलवाल्याला वळणावर होतो. कोकण रेल्वे ताशी १६० किलोमीटरच्या हिशोबाने आखली, त्यामुळे तिची वळणं १,२५० मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र ठेवली नाहीत. १:८७मध्ये ही त्रिज्या १४ मीटरच्या वर जाते. गाडी अर्धवर्तुळात फिरवायला २९ मीटर रुंद अंगण लागेल. घरोघरी चालतं ते १८ इंची वळण, म्हणजे खऱ्या जगातलं चाळीस मीटर. खरा डबा अशा वळणावर जाऊच शकणार नाही. मॉडेल जातं, पण आयसीएफचं टोक रुळाच्या मध्यरेषेपासून साडेआठ मिलिमीटर बाहेर झुकतं आणि एलएचबीचं बारा. फलाट वळणाला लागून बांधला असेल तर एलएचबी फलाटावरची माणसं झोडपत जाते. (माझ्या फलाटावरचा एक हमाल असाच दोनदा कामी आला.)

म्हणून जगभरच्या कंपन्यांनी डबे आखूड करायची युक्ती काढली. ती दोन प्रकारे होते, आणि दोन्हींतला फरक समजून घेण्यासारखा आहे.

पहिली रीत जर्मनीच्या मार्कलिनची. युरोपातला लांब डबा २६.४ मीटरचा, १:८७मध्ये ३०३ मिलिमीटर. मार्कलिनने उंची-रुंदीचं प्रमाण ठेवलं आणि लांबी तेवढी १:१००ने घेतली, म्हणजे २६४. पुढे १:९३.५ केली, २८२. खिडक्या तितक्याच, पण प्रत्येक खिडकी थोडी चेपलेली. दुसरी रीत ब्रिटनच्या हॉर्नबीची. तिथल्या मार्क ३ जातीच्या खऱ्या डब्याला बाजूला आठ मोठ्या खिडक्या. हॉर्नबीने १९७०च्या दशकात त्याचं मॉडेल काढलं ते सात खिडक्यांचं. प्रत्येक खिडकी नीट मापात, पण एक गायब. तिथले शौकीन त्या सातव्या-आठव्या खिडकीवरून अजून हळहळतात.

माझं मत पहिल्या बाजूने. कारण भारतीय डब्यात खिडक्या म्हणजे आतल्या माणसांचा हिशोब असतो. आयसीएफच्या स्लीपर डब्यात नऊ कप्पे, प्रत्येकात आठ बर्थ, एकूण ७२. एलएचबी लांब, म्हणून दहा कप्पे आणि ८० बर्थ. एक कप्पा उडवला तर ६४ बर्थचा स्लीपर तयार होतो, जो कधी कुठल्या चार्टवर लागलाच नाही. चेपलेला डबा डोळ्याला फसवतो. कप्पा गमावलेला डबा आरक्षणाचा तक्ताच खोटा पाडतो.

माप जमलं. आता साल.

कोकणच्या मार्गावरचं साल ओळखायला मी मनात काही खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत. १९९८च्या आधी मुंबईहून कोकणमार्गे मंगळुरूला थेट गाडीच नाही. विजेचं इंजिन आणि डोक्यावरची तार ही संपूर्ण मार्गावर २०२२पासून, त्याआधीच्या देखाव्यात डिझेल. मे २०१७मध्ये तेजस एक्स्प्रेस आली. त्याच वर्षी दादर-सावंतवाडी राज्यराणीचं नाव मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेवरून तुतारी झालं, आणि मडगाव जनशताब्दीला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा लागला. २०१९मध्ये कोकणकन्या आणि मांडवी आयसीएफवरून एलएचबीवर गेल्या. जून २०२३मध्ये वंदे भारत. आता कोणी तुतारीची पाटी लावून डिझेलमागे निळे डबे जोडले, तर ते दृश्य २०१७ ते २०२२च्या मधलं असू शकतं. पाटी तीच आणि डोक्यावर तार नसताना विजेचं इंजिन असेल, तर ते कधीचंच नाही.

रंगाचं प्रकरण याहून चिवट आहे, कारण रंग प्रत्येकाला आठवतो आणि प्रत्येकाला वेगळा आठवतो.

कितीतरी दशकं आपले साधे डबे तांबडे होते, विटकरीकडे झुकणारे. १९९०च्या दशकात निळा आला, गडद निळ्यावर खिडक्यांच्या पातळीला फिकट निळा पट्टा. त्याच सुमारास ब्रेकही बदलत होते, व्हॅक्यूम जाऊन दाबाच्या हवेचे येत होते. म्हणजे नुसता वरचा रंग बदलून भागत नाही, पोटाखालची सामग्रीही बघावी लागते. एलएचबी मेल-एक्स्प्रेसवर लाल आणि करडा. २०१८च्या सुमाराला जुन्या आयसीएफ डब्यांना रेल्वेच्या 'उत्कृष्ट' नावाच्या योजनेत फिकट पिवळसर आणि तपकिरी रंग मिळाला. पण हा बदल एका रात्रीत होत नाही. डबा कारखान्यात मोठ्या दुरुस्तीला जातो तेव्हा त्याचा रंग बदलतो, तोपर्यंत जुन्याच कपड्यात फिरतो. त्यामुळे "अमुक साली सगळे डबे निळे होते" असं कोणी ठासून सांगितलं की मी सावध होतो.

आमच्याच घरात यावरून वाद होता. १९९८च्या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा एसटी सोडून रेल्वेने गावी आलो. माझ्या आठवणीत डबा निळा. कणकवलीची आत्या सोबत होती, ती ठाम: "माका अजून आठवता, डबे तांबडेच होते." बरीच वर्षं मी मनात म्हणत होतो की आत्याचं वय झालं. मग एका लग्नाच्या अल्बममध्ये त्या प्रवासाचा एक फोटो सापडला. ट्रंकेवर बसलेला मी, पाठीमागे निळा डबा. आणि फोटोच्या कडेला, पलीकडच्या रुळावर उभा असलेला तांबडा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी माळ. आत्या दार सोडून सगळा वेळ दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसली होती. तिने बघितलं ते तिला आठवत होतं.

फोटो हा पुरावा, पण त्यालाही उलटतपासणी लागते. रंगीत छापील फोटोतले सगळे रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, एखादा आधी जातो आणि अख्खं चित्र दुसऱ्याकडे कलतं. त्यात आपली हवा. चार पावसाळे काढलेला अल्बम उघडला की बुरशीच आधी दिसते. काळ्या-पांढऱ्या फोटोंची गंमत आणखी निराळी. जुन्या काळची बरीच फिल्म लाल रंग ओळखतच नसे. लाल वस्तू फोटोत काळपट आणि निळी वस्तू फिकट उमटायची. १ जून १९३०ला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिचे दोन रेक होते, एक चंदेरी रंगाचा लाल नक्षीपट्ट्यांचा आणि एक गडद निळा सोनेरी रेघांचा. खालचा सांगाडा इंग्लंडमधून आलेला, वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधलेले. अशा फिल्मवर तो निळा रेक फिकट दिसेल. फोटोवर विसंबून रंगवणारा सरळ फसेल. आणि नुसतं 'डेक्कन क्वीनचा डबा' म्हणूनही काही कळत नाही. १९६६ला तिला पेरांबूरचे डबे मिळाले, २०२२ला एलएचबी. नाव एक, गाड्या तीन.

म्हणून मी आधी नंबर वाचतो. डब्याच्या अंगावरचा जुना पाच आकडी नंबर म्हणजे त्याची जन्मपत्रिका. पहिले दोन आकडे बांधणीचं साल, पुढचे तीन डब्याची जात आणि क्रमांक. २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० साधा जनरल. तेव्हा ९८२३७ म्हणजे १९९८ला बांधलेला स्लीपर. एकदा हे कळलं की दुकानातच चोर पकडता येतो. एका देखण्या, महागड्या आयसीएफ मॉडेलवर मला २१ने सुरू होणारा नंबर दिसला. २०२१मध्ये आयसीएफ घराण्यात पाळणा हलणंच बंद झालं होतं. दुसऱ्या एका डब्यावर नंबर जनरलचा आणि आत बर्थ तीन मजली. नंबराजवळच्या इंग्रजी अक्षरांकडेही बघावं, सुरुवातीला 'एल' असेल तर डबा एलएचबी. ते 'एल' बाजूच्या बफरवाल्या डब्यावर दिसलं की समजावं, अक्षरं आणि साचा यांची सोयरीक घाईत जुळवली आहे.

बारीकसारीक पुष्कळ आहे. संडासाखालच्या जैविक टाक्या २०१०च्या दशकात आल्या, म्हणून १९९९च्या डब्याखाली त्या नकोत. एलएचबी रेकबरोबर जनरेटर कार येते, तर आयसीएफचे बरेचसे डबे स्वतःच्या चाकावर वीज बनवतात. शेवटच्या डब्यावर मोठी पिवळी फुली. मळवण्याचं कामही अभ्यासाचं. आपल्याकडे खालच्या भागावर जांभ्याची तांबूस धूळ बसते, देशावरच्यासारखी करडी नाही. आयसीएफचा पत्रा साध्या पोलादाचा, दारांखाली आणि संडासाच्या कोपऱ्यांत गंजाचे ओघळ शोभतात. तेच ओघळ एलएचबीच्या अंगावर काढले तर चूक, ते अंग स्टेनलेस स्टीलचं आहे. रंग खऱ्या डब्याच्या डब्यातला (रंगाच्या डब्यातला म्हणतोय) जसाच्या तसा लावला तर एवढ्याशा मॉडेलवर तो काळोखा दिसतो. थोडा पांढरा मिसळावा लागतो. अचूक रंग अचूक दिसत नाही, हे पटायला मला दोन डबे वाया घालवावे लागले.

आता जमवणाऱ्यांचा एक पेच. अचूक तेच मौल्यवान, असं नाही. जुने पत्र्याचे चावीवर चालणारे डबे घ्या. हॉर्नबीने १९२०पासून असल्या गाड्या काढल्या. मापाने बघाल तर ते डबे बुटके, खिडक्या नुसत्या छापलेल्या, चाकं चारच. खऱ्या डब्याशी साम्य जेमतेम. पण त्यांचा स्वतःचा इतिहास आहे. मूळ रंग, मूळ खोकं, मूळ चावी असेल तर जाणकार त्यासाठी खिसा मोकळा करतात. असा डबा हाती लागल्यावर कोणी उत्साहाने त्याला 'बरोबर' रंग दिला, तर त्याने खऱ्या रेल्वेचा इतिहास पाळला आणि खेळण्याचा पुसला. किंमतही पुसली. तेव्हा हातातली वस्तू कशाचा पुरावा आहे, रेल्वेचा की खेळण्याचा, हे ब्रश उचलण्याआधी ठरवावं.

हे मला चितारआळीत कळलं. आमच्या सावंतवाडीची लाकडी खेळणी पिढ्यान् पिढ्या तिथे बनत आली, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. तिथे एका दुकानात लाकडी आगगाडी होती. लाल इंजिन, पिवळा डबा, हिरवा डबा, चाकांवर ठिपक्यांची नक्षी. मी आपला मापाच्या डोळ्यांनी बघायला लागलो. दुकानातल्या आजोबांनी विचारलं, "काय शोधतास?" म्हटलं, ही कुठली गाडी? ते म्हणाले, "पोरांची." पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही. ती गाडी मी घेतली. आयसीएफच्या शेजारी न ठेवता तिला वेगळी फळी दिली आहे.

सध्या हातात घेतलंय ते मांडवीचं काम, जुलै २०१८. शेवटच्या आयसीएफ दिवसांतली, अजून डिझेलमागे धावणारी. नंबर ठरले, टाक्या लागल्या, धूळ बसली. गेल्या आठवड्यात डबा रुळावर ठेवून लांबून बघितला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. माप बरोबर, रंग बरोबर, तरी चुकीचा. दोन दिवसांनी लक्षात आलं. मी सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. जुलैमध्ये, कोकणात! मुंबईहून खाली येताना समुद्र उजव्या हाताला, पाऊस तिकडूनच झोडपतो. चिपळूणच्या पुढे त्या बाजूची झाडून सगळी शटरं खाली असतात आणि तरी खालच्या बर्थवर पाणी येतंच. डाव्या बाजूच्या उघड्या, तिथे लोक डोंगरातून पडणारे धबधबे बघत भजी खात असतात.

तेव्हा परत सुटं करून उजवी बाजू बंद करायला घेतली. एका शटराला तीन-तीन आडव्या पट्ट्या कोरतोय, काम कंटाळवाणं आहे. फक्त चौथ्या कप्प्यातली एक खिडकी अर्धी वर ठेवणार आहे. आई ओरडत असताना पावसात हात बाहेर काढणारं एक पोर प्रत्येक डब्यात असतं.